एक भोक आणि दोन साडू

मी एक कागद. बोलतोय, पण जरा हळू बोलेन. समोरच्या भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी आहे आणि ती लावणारे साहेब सोडले तर बाकी सगळे ती पाळतात.

मुक्काम दप्तरखाना. दारावरच्या फलकावर 'विभागीय अभिलेखागार' असं भारदस्त नाव आहे, पण त्या नावानं पत्ता विचारलात तर लोक तुम्हाला हमखास दवाखान्याकडे पाठवतील. तेव्हा दप्तरखाना म्हणा. दुसरा मजला, डाव्या हाताचं कपाट, राखाडी पुठ्ठ्याची पेटी. तिच्यात मी पाठ टेकून पडलेला असतो.

माझ्या पोटात एक भोक आहे. फार मोठं नाही, दोन अक्षरं मावतील एवढंच. पण माझी सगळी कीर्ती त्या भोकाची. माझ्यावर जे लिहिलंय ते वाचायला फारसं कुणी आलं नाही. जे लिहिलेलं दिसत नाही, ते वाचायला मात्र विद्वान चष्मे पुसत आले. या भोकापायी दोन सख्ख्या बहिणींचं बोलणं बंद झालं. आता सगळं सुरळीत आहे, म्हणजे माझं सोडून. म्हणून म्हटलं, एकदा आपली बाजूही सांगून टाकावी.

माझा जन्म चिंध्यांचा. कुणाच्या जुन्या धोतरांचा लगदा कुटून, साच्यावर वाळवून मला केलं. तिथून मी एका गडावरच्या कारकुनाच्या हाती पडलो. गडाचा किल्लेदार हा पोट सुटलेला, मिशा राखलेला, दिवसभर खोकणारा गृहस्थ होता. एका दुपारी त्यानं कारकुनाला बोलावलं आणि आपल्या थोरल्या बहिणीला पत्र सांगायला घेतलं. आई लवकर गेल्यामुळे याला तिनंच वाढवलेलं. चारचौघांत हा डरकाळ्या फोडायचा, पण पत्रात तिच्यापुढे त्याचा आवाज लहान मुलासारखा व्हायचा.

त्यानं सांगितलं आणि कारकुनानं माझ्यावर उतरवलं ते असं:

"ताईस दंडवत. खाली फौज येऊन बसली आहे. रात्री खोकल्याने जीव हैराण होतो. तू रागे भरत होतीस ते खरेच. आम्ही हुक्का सोडला. आता झोप बरी लागते. गडावर वारा फार. लोकरी बंडी पाठवणे. काळजी न करणे."

बस, एवढंच. फौजेबद्दल एक ओळ, बाकी खोकला, झोप आणि बंडी. खाली शत्रू तळ ठोकून बसला होता हे खरं. पण माणूस घरच्यांना लिहितो तेव्हा शत्रूपेक्षा खोकला जवळचा असतो.

जासूद मला कमरेला बांधून मागच्या वाटेनं उतरला. पुढे गडाचं काय झालं, लढाई झाली की समेट झाला, मला काडीचीही माहिती नाही. मी आधीच निघालो होतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे दोघा पंडितांनी मला 'प्रत्यक्षदर्शी साक्षीदार' ठरवून टाकलं. मी काय पाहिलं? जासुदाचा कमरपट्टा.

ताईनं मला वाचलं ते दारातच उभं राहून. फौजेची ओळ तिनं वाचली की गाळली कोण जाणे, पण हुक्क्याच्या ओळीवर थांबली आणि म्हणाली, "सोडला बाई एकदाचा!" जासुदाला पाणी देऊन तिनं बसवून ठेवलं, घरातली लोकरी बंडी त्याच्या हाती दिली आणि त्याच पावली परत पाठवलं. मग मला चारदा वाचून कपड्यांच्या पेटीत, अगदी तळाशी ठेवलं.

माणूस गेलं की त्याचे कपडे वाटले जातात, भांडी वाटली जातात. कागद कुणी मागत नाही आणि टाकायचा धीरही कुणाला होत नाही. असा मी एका पेटीतून दुसऱ्या पेटीत, एका पिढीकडून दुसरीकडे सरकत राहिलो. कधीतरी पावसाळी कंटाळ्यात कुणा पोरानं मला बाहेर काढलं आणि चिकट गोड बोट नेमकं हुक्क्यावर टेकवलं. पुढे त्या वासानं कसर आली. माझी तिच्यावर काही तक्रार नाही. तिला लागली भूक, तिनं खाल्लं. तिनं त्यावर ग्रंथ लिहिला नाही. 'हुक्का' गेला, फक्त शेवटचा काना तेवढा भोकाच्या काठावर उभा राहिला.

शेवटी मी एका वकिलाच्या घरी आलो. वकीलसाहेबांना एक खोली रिकामी करायची होती. तिच्यात व्यायामाचं यंत्र ठेवायचं होतं. अडगळ फेकायला निघाले तर कुणीतरी म्हणालं, जुने कागद आहेत, दप्तरखाना घेतो. झालं! जी अडगळ होती ती रातोरात 'घराण्याचा ठेवा' झाली. समारंभ झाला. वकीलसाहेब भाषणात गहिवरले. "हे कागद आम्ही काळजापाशी जपले," म्हणाले. आम्ही माळ्यावर होतो, तुटक्या पाळण्यात. पण काळीज कुणाचं कुठे असतं आपण कोण सांगणार?

दप्तरखाना मला आवडला. इथे ऊन नाही, ओल नाही, आणि शेजार उत्तम. माझ्या वरच्या पेटीत एका न्यायाधीशाच्या रोजनिश्या आहेत. गृहस्थानं आयुष्यभर रोज आपलं वजन आणि हवामान लिहून ठेवलं, निकालांबद्दल एक अक्षर नाही. खालच्या पेटीत एका मोजणीदाराची प्रेमपत्रं आहेत, सगळी परत आलेली. पलीकडे एका नाटक मंडळीच्या मालकाचे कागद. त्यात निम्मी पत्रं 'कळविण्यास खेद वाटतो'नं सुरू होतात. माणसं इतिहास घडवत असताना काय करत होती, हे पाहायचं असेल तर आमच्या कपाटापुढे उभं राहावं.

वाचनकक्ष सांभाळायला एक बाई आहेत. पन्नाशीच्या पुढच्या, पायात रबरी चपला, गळ्यात चष्म्याची दोरी. शाई आणू नका, पेन्सिल वापरा, पान चाटलेल्या बोटानं उलटू नका, एवढं त्या प्रत्येकाला एकाच सुरात सांगतात. त्यांनीच माझी घडी उलगडली, पाठीवरची धूळ ब्रशनं झाडली आणि मला नंबर दिला. भोकाकडे पाहून म्हणाल्या, "अरेरे, फार खाल्लं रे तुला." त्यानंतर ज्यांनी मला खाल्लं, त्यांच्यापुढे कसर काहीच नव्हती.

त्यांतले पहिले आले ते कॉलेजातले इतिहासाचे एक प्राध्यापक. उंच, वाकलेले, सदैव कुणाचीतरी चूक सापडल्यासारखा चेहरा. त्यांनी मला भिंगाखाली घेतलं, 'फौज येऊन बसली' वाचलं, खोकला ओलांडला, भोकाशी थांबले आणि खुर्चीतून अर्धे उठले. काना पाहिला. पुढे 'सोडला' पाहिलं. आणि हळूच म्हणाले, "किल्ला! आम्ही किल्ला सोडला! पळाला लेकाचा!"

त्यांनी मोठा लेख लिहिला. ज्याला सगळा मुलूख शूर समजतो तो किल्लेदार भेकड होता आणि त्यानं स्वतःच्या तोंडानं तशी कबुली दिली, असा त्यांचा शोध. लेखात माझा मजकूर छापला तो असा: "फौज येऊन बसली आहे … आम्ही [किल्ला] सोडला …" आणि खाली टीप: 'घरगुती मजकूर वगळला आहे.' खोकला, ताईचा राग, झोप, बंडी, सगळं त्या टिंबांत गेलं. दप्तरखान्यात त्यांचं नाव तेव्हापासून किल्लेकाका.

थोड्याच दिवसांनी दुसरे आले. त्याच कॉलेजातले. बुटके, गोल, आवाज खणखणीत. हे किल्लेकाकांचे साडू. दोघांनी दोन सख्ख्या बहिणी केलेल्या. त्यांनीही भिंग घेतलं, तेही खोकला ओलांडून भोकाशी आले. टेबलावर हात आपटून म्हणाले, "गोळा! अहो, गोळा सोडला! तोफेचा! हा तर शूर निघाला!"

बाई म्हणाल्या, "हळू. टेबल जुनं आहे."

गोळेकाकांचाही लेख आला. "फौज येऊन बसली आहे … आम्ही [गोळा] सोडला …" खाली तीच टीप. दोघांचं आयुष्यात एकाच गोष्टीवर एकमत होतं, ते म्हणजे घरगुती मजकूर वगळण्यावर.

इथपर्यंत ठीक होतं. विद्वान भांडतात, त्यांचा तो व्यायाम असतो. पण हे भांडण कॉलेजातून घरी गेलं. थोरलीच्या, म्हणजे किल्लेकाकांच्या घरी चौघंजण जेवायला बसले असताना गोळेकाका म्हणाले, "भोकातसुद्धा ज्याला पळपुटा दिसतो, त्यानं एकदा आरशात पाहावं." किल्लेकाका ताटावरून उठले. गोळेकाका चपला घालून निघाले आणि दारातून ओरडले, "पुन्हा या घराची पायरी चढणार नाही, आणि आमच्या घरातलं कुणीही चढणार नाही!"

आता बायका का थांबल्या, असं तुम्ही विचाराल. थोरली शाळेत गणित शिकवायची, धाकटी कान-नाक-घशाची डॉक्टर. दोघीही कुणाच्या दाव्याला बांधलेल्या नव्हत्या. पण थोरलीला वाटलं, धाकटीनं नवऱ्याला गप्प करायला हवं होतं. धाकटीला वाटलं, ताईनं निदान फोन करायला हवा होता. दोघी फोनची वाट बघत बसल्या. वाट बघण्याचा राग झाला, रागाची सवय झाली. त्यांची आई आजारी पडली तेव्हा एक सकाळी जायची, एक संध्याकाळी. आई गेली तेव्हा एक उशाशी उभी होती, एक पायथ्याशी, आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. हे मला पुढे त्यांच्याच तोंडून कळलं.

माझ्यापायी! एका हुक्क्यापायी! कागदाला तोंड नसतं याचं मला आयुष्यात तेवढंच वाईट वाटलंय.

पुढे काय झालं, किल्लेकाकांचे गुडघे धरले. दोन मजले चढणं होईना. भोकाच्या काठाची मापं पुन्हा तपासायची होती, म्हणून त्यांनी बायकोला धाडलं. "तू गणितातली, तुझं मोजमाप चुकायचं नाही," म्हणाले. इकडे गोळेकाकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांनीही बायकोला धाडलं. "तू रोज लोकांच्या घशात डोकावतेस, भोकात डोकावणं तुला जड नाही," म्हणाले. आणि दोघी एकाच दिवशी माझ्या नावाची चिठ्ठी हातात घेऊन बाईंच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या.

बाईंनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. नाकं सारखी होती. म्हणाल्या, "कागद एकच आहे. टेबलही एकच मिळेल. समोरासमोर बसा."

बसल्या. मी मध्ये. एक माझ्या डोक्याकडून, एक पायाकडून. बराच वेळ नुसत्या पेन्सिलींचा आवाज. मग थोरलीच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. धाकटीनं पर्समधून आपली दुसरी पेन्सिल काढली आणि माझ्या कडेनं पुढे सरकवली. थोरलीनं ती घेतली. खाली मानेनंच म्हणाली,

"किती पांढरे झाले गं केस."

"रंगवायचे सोडले."

"चांगले दिसतात."

"तू बारीक झालीस, ताई."

"दात काढलेत. खाता येत नाही."

"मग सांगायचं नाही? माझ्या शेजारीच दाताचा दवाखाना आहे!"

"कुणाला सांगू? फोन तू बदललास."

"नंबर तोच आहे, चिकटपणे तोच ठेवलाय. तू करशील म्हणून."

थोरलीनं डोळे पुसायला पदर उचलला तशा बाई लगबगीनं आल्या. मला वाटलं आता ओरडणार. त्यांनी फक्त मला दोघींच्या मधून थोडं बाजूला सरकवलं. "कागदावर पाणी पडता कामा नये," म्हणाल्या आणि परत जाऊन उलट्या बाजूला तोंड करून बसल्या.

त्यानंतर दर आठवड्याला दोघी येऊ लागल्या. घरी नवऱ्यांना सांगायच्या, काम नाजूक आहे, घाई करून चालणार नाही. नवरे खूश. किल्लेकाका शेजाऱ्यांना सांगत, "बायकोनं वाहून घेतलंय." इथे मात्र माझ्यावर आईच्या शेवटच्या दिवसांची उजळणी व्हायची. सकाळचं हिनं सांगायचं, संध्याकाळचं तिनं. सकाळी आई काय बोलली, संध्याकाळी काय बोलली, ते जोडून दोघी मिळून एकेक अख्खा दिवस तयार करायच्या. आई सकाळी धाकटीबद्दल विचारायची आणि संध्याकाळी थोरलीबद्दल, हे त्यांना माझ्या टेबलावर कळलं. त्या दिवशी बाईंनी वाचनकक्ष बंद करायला उशीर केला.

मी किती दस्तऐवजांच्या शेजारी राहिलोय, पण इतकं महत्त्वाचं काम माझ्या अंगावर कधी झालं नव्हतं.

मग एक दिवस बाई हळूच येऊन म्हणाल्या, "साहेब विचारत होते, या दोघी दर आठवड्याला एकच कागद काय मागतात. निदान वाचल्यासारखं तरी करा."

"वाचू या खरंच," थोरली म्हणाली. "आपण तो कधी वाचलाच नाही."

आणि तिनं मला वाचलं. पहिल्या शब्दापासून. किती वर्षांनी माझ्या अंगावरून कुणाचा तरी आवाज सलग फिरत होता! ताईस दंडवत. फौज. रात्री खोकल्याने जीव हैराण होतो.

"थांब," धाकटी म्हणाली. "परत वाच."

"रात्री खोकल्याने जीव हैराण होतो. तू रागे भरत होतीस ते खरेच. आम्ही… इथे भोक… सोडला. आता झोप बरी लागते."

धाकटी माझ्यावर वाकली आणि हसायला लागली. "ताई, हा माझा पेशंट आहे गं! असे रोज माझ्या दवाखान्यात बाकावर बसलेले असतात. रात्री खोकला, घरचे रागावतात, मग एक दिवस येऊन छाती फुगवून सांगतात, डॉक्टर, सोडली! आता झोप लागते! काय सोडलं असेल यानं?"

थोरली पट्टीनं भोक मोजू लागली. "सिगारेट तेव्हा नव्हती. आणि 'सोडला' आहे, म्हणजे पुल्लिंगी. दोन अक्षरं. शेवटी काना." पेन्सिल गालावर आपटत राहिली. मग एकदम तोंडावर हात ठेवला. "चिमे… हुक्का!"

मला काय वाटलं म्हणून सांगू! इतक्या वर्षांनी कुणीतरी मला माझ्या नावानं हाक मारावी तसं झालं. त्या दोघी तर टेबलावर डोकं टेकून हसल्या. बाई धावत आल्या, आणि ऐकून त्याही खुर्ची धरून हसल्या. 'शांतता राखा' पाटी एवढी निरुपयोगी मी कधी पाहिली नव्हती.

हसू ओसरलं तसं थोरली म्हणाली, "सांगायचं का यांना?"

"भावजींना? अगं, तीन पुस्तकं लिहिलीत त्यांनी या किल्ल्यावर. आमच्या ह्यांची गोळ्यावर चार. धुराबरोबर जातील सगळी."

"आणि मग आपल्याला इथे यायला कारण काय सांगायचं?"

धाकटीनं माझा कोपरा बोटानं सरळ केला. "तुझंच बरोबर. राहू दे. भांडू देत."

असं गुपित माझ्यावर ठेवून त्या घरी गेल्या. ते तसंच राहिलं असतं. पण साहेबांना परिसंवाद घ्यायची हुक्की आली.

दप्तरखान्याचा वर्धापनदिन होता. दोघा साडवांना तळमजल्यावरच्या सभागृहात एका व्यासपीठावर बसवायचं आणि वादाचा निकाल लावायचा, असं ठरलं. वकीलसाहेबही खुर्चीत येऊन बसले, कारण निकाल 'गोळा' लागला तर चौकात त्यांच्या पूर्वजाचा पुतळा बसणार होता. चौथरा आधीच बांधून तयार. शिवाय साहेबांनी कुठूनतरी एक भारी कॅमेरा मागवला. पुसलेली अक्षरंसुद्धा दिसतात म्हणे त्याच्यात. मला टेबलावर पसरून त्यांनी माझ्या भोकाचे फोटो काढले. भोकाचे! जिथे काहीच नाही, त्याचे! बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, पुसलेलं नाही, खाल्लेलं आहे." साहेब म्हणाले, "बाई, तंत्रज्ञानात तुम्ही पडू नका."

अहवाल व्यासपीठावरून वाचला गेला: 'पोकळीमध्ये हिरवट छटा आढळली.' टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. गोळेकाका ताडकन उठले. "हिरवट! म्हणजे तांबं! तोफेच्या धातूचा अंश!" किल्लेकाका गुडघे विसरून उठले. "हिरवट म्हणजे शेवाळ! सोडून दिलेल्या ओसाड किल्ल्याचं!" सभागृहानं दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या.

दोघी बहिणी श्रोत्यांत बसल्या होत्या, नवऱ्यांच्या धाकानं नव्हे, सवयीनं, दोन टोकांना. त्या गप्पच राहणार होत्या. पण किल्लेकाकांना समारोपाचा भर आला. घसा साफ करून ते म्हणाले, "सत्याची किंमत मोजावी लागते, मित्रहो. माझ्या पत्नीनं या सत्यासाठी आपल्या सख्ख्या बहिणीला सोडलं!"

गोळेकाका कसले मागे राहतात? "माझ्याही पत्नीनं सोडलं! हसतमुखानं सोडलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि त्या टाळ्यांत थोरली उभी राहिली. शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज तिचा. माईक लागला नाही.

"मी काहीही सोडलेलं नाही," ती म्हणाली. "माझी आई गेली तेव्हा मी माझ्या बहिणीच्या गळ्यात पडून रडू शकले नाही. ती किंमत मी मोजली, आणि ती सत्यासाठी नव्हती. तुमच्या दोघांच्या हट्टासाठी होती."

किल्लेकाका पुटपुटले, "अगं, खाली बस."

"बसते. आधी एवढं सांगते, त्यानं किल्ला सोडला नाही आणि गोळाही सोडला नाही. त्यानं हुक्का सोडला. वरची ओळ वाचा. खोकला झाला होता त्याला."

दुसऱ्या टोकाकडून धाकटी उठली. "डॉक्टर म्हणून सांगते, अगदी योग्य केलं त्यानं." आणि सगळ्यांच्या गुडघ्यांना ओलांडत ती ताईपाशी गेली, हात धरून तिला बाहेर घेऊन गेली. पायऱ्या उतरतानाचं दोघींचं हसणं आतपर्यंत ऐकू येत होतं. की रडणं होतं? मला नीट सांगता येणार नाही. मी तेव्हा व्यासपीठावर काचेखाली होतो.

आता तुम्हाला वाटेल, पंडित ओशाळले असतील. छे! तुम्ही पंडित पाहिलेले दिसत नाहीत. दोघे एकमेकांकडे वळले. मग कित्येक वर्षांत पहिल्यांदा किल्लेकाका गोळेकाकांना उद्देशून सरळ बोलले.

"साडूभाऊ, हा विनोदाचा विषय आहे का?"

"मुळीच नाही. इतिहासात हुक्का आणायचा म्हणजे काय? उद्या बंडी आणतील!"

आणि त्यांचं जमलं! असं जमलं की विचारू नका. दोघांनी मिळून लेख लिहायला घेतला: 'साधनांच्या घरगुती वाचनाचे धोके'. त्यासाठी रोज एकत्र बसणं आलं. गोळेकाका पुन्हा ती पायरी चढले, कारण किल्लेकाकांना उतरता येत नव्हतं. बाहेरच्या खोलीत दोन साडू बायकांच्या उथळपणावर पानं भरतात, आतल्या खोलीत दोघी बहिणी चहा पीत बसतात, हे बाईंनी एकदा त्यांच्याकडे जाऊन आल्यावर साफसफाई करणाऱ्या मावशींना सांगितलं. लेखाचा निष्कर्ष असा की भोकात कोणता शब्द होता ते कळणं शक्य नाही, मात्र तो घरगुती नव्हता हे निश्चित. लेखाला बक्षीस मिळालं. चौथऱ्यावर पुतळ्याऐवजी घड्याळ बसलं आणि तेही चालत नाही.

सगळ्यांचं भलं झालं. राहिलो मी.

दोघींना आता भेटायला माझी गरज नाही. त्यांचं घर आहे, फोन आहे. यायचं बंद झालं, आणि ते बरंच झालं, असं मी स्वतःला समजावतो. पण आठवड्यातला तो वार आला की पेटीच्या झाकणाकडे लक्ष जातं. एकदा त्या आल्या होत्या, दोघी मिळून, बाईंना भेटायला. जाताना थोरलीनं मला मागवलं, वाचलं नाही, नुसता माझ्या कडेवरून हात फिरवला. धाकटी म्हणाली, "बंडी पाठवली असेल का गं त्याच्या ताईनं?" थोरली म्हणाली, "न पाठवून सांगते कुणाला?"

पाठवली होती, बायांनो. त्याच पावली पाठवली होती.

मागच्या महिन्यात माझी डागडुजी झाली. भोकाला पातळ जपानी कागदाचं ठिगळ लावलं. कोरं, स्वच्छ, मऊ. मला वाटलं, चला, आता सुटलो; आता इथे डोकावायला काही उरलं नाही.

पण आज एक तरुण संशोधक आलाय. दाढी, दोन मोबाईल, गळ्यात मोजपट्टी. त्यानं माझ्यासाठी चिठ्ठी भरली तेव्हा मी हरखलो. आता तो बाईंना विचारतोय, ठिगळ काढता येईल का. त्याच्या मते ते भोक कसरीचं नाहीच. ते बंदुकीच्या गोळीचं आहे. पत्र नेणाऱ्या जासुदाला गोळी लागली, आणि ती पत्रासकट त्याच्या कमरेतून आरपार गेली, असा त्याचा प्रबंध आहे. बाई चष्मा काढून त्याच्याकडे बघतायत. तो बिचारा जासूद ताईच्या ओट्यावर बसून पाणी प्यायला, बंडी घेऊन गेला. पण मी कुणाला सांगू?

तेव्हा तुम्हालाच सांगतो. कधी या दुसऱ्या मजल्यावर. पेन्सिल आणा, बोट चाटू नका, आणि मला वरून वाचायला लागा, 'ताईस'पासून. जमलं तर अबोला धरलेलं एखादं माणूस बरोबर आणा. टेबल एकच मिळेल.

बाई मला घ्यायला येतायत. निघतो. त्या पोराला आधी बसवून, खोकल्याची ओळ मोठ्यानं वाचायला लावणार आहेत म्हणे. लावोत. तो अजून पहिल्या लेखाच्याही आधीच्या वयात आहे. तो अजून सुधारू शकतो.